पोटात काय निघालं

२८ डिसेंबर, ओरूतोआ

ही जाड वही मामाने दिली ती माशांसाठी. समोरून मासे लिहायचे असा हुकूम आहे. मी मागच्या बाजूने माझं लिहितोय. मामाला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा कायम गाडीत विसरलेला असतो, म्हणून भीती नाही.

आई फोनवर म्हणाली, "हाको, तुझं कुठेच धड बस्तान बसत नाही, निदान माझ्या भावाच्या तरी उपयोगी पड." खरंय. या वर्षात किवीच्या बागा झाल्या, लोकर कातरायची शेड झाली, एका मोठ्या मासेमारी बोटीवर सतरा दिवस झाले, त्यातले अकरा ओकण्यात गेले.

बसथांब्यावर एरेना मामी न्यायला आली होती. अर्ध्या वाटेत तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं गाडी बिघडली.

"ऐक. काम एकच आहे," ती म्हणाली. "तो होडीत बसला की तू बसायचं. तो उतरला की तू उतरायचं. रोज."

"आणि मासे?"

"माशांचं तो बघेल. तू त्याला परत आण."

तीपेने हा मामा-मामीचा एकुलता एक मुलगा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आठ नोव्हेंबरला पहाटे एकटाच तांबोशी मासे धरायला गेला. होडी दुपारी बेटाच्या पलीकडे सापडली, इंजिन चालू, एकाच जागी गोल गोल फिरत होती. आत कोणी नाही. पाणबुडे आले, हेलिकॉप्टर आलं. गावातले सगळ्यांत वडीलधारे हेनारे आजोबा, त्यांनी अख्ख्या खाडीवर राहुई घातली, म्हणजे आपला माणूस पाण्यात असताना त्या पाण्यातलं काहीही काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही. सहा आठवडे कोणी गळ टाकला नाही. नाताळच्या तोंडावर, इथल्या ऐन उन्हाळ्यात, आजोबांनीच ती उठवली. किती दिवस धरून ठेवणार? पण मामा मराएवर, म्हणजे आमच्या जमातीच्या सभाघरात, रडायला बसायला तयार नाही. पोराचं काहीतरी घरी येऊ दे, मग बसू म्हणतो. नखाएवढं चालेल, पण पुरायला काहीतरी पाहिजे.

जेवायला नाताळचं उरलेलं डुकराचं मांस आणि रताळी. मासा नव्हता. समुद्र इथून चाळीस पावलांवर आहे.

२९ डिसेंबर

पहाटे चारला उठवलं. मामाने ट्रॅक्टरने होडी उतरवली. मी दोरी धरून उभा होतो, ती हातातून सुटली.

"त्या मोठ्या बोटीवर काय करायचास रे? भांडी?"

"बटाटे सोलायचो."

"मग बरोबर आहे. बटाटे पळून जात नाहीत."

मतिउ मामाचा हा पहिला विनोद. हसला नाही तो, पण मला बरं वाटलं.

बेटाच्या आतल्या अंगाला नांगर टाकला. मासळीचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून पाण्यात सोडला, गळाला अर्धी तारली. वीस मिनिटांत दोरी अशी खेचली गेली की माझं बोट कापलं. तांबोशी वर येते तेव्हा खोल पाण्यात आधी गुलाबी उजेड दिसतो, मग अंगावरचे निळे ठिपके. मी ओरडलोच. पहिला मासा मामाने पाण्यात परत सोडला, सगळेच सोडतात. सोडताना मात्र तो ओठांतल्या ओठांत बराच वेळ बोलत होता. एवढी लांब प्रार्थना मी कोणाची ऐकलेली नाही.

नंतरचे नऊ ठेवले. डोक्यात सळई घालून मारायचे, आणि मग तिथेच, होडीतच, पोट फाडायचं. मी म्हटलं घरी गेल्यावर करू की, समुद्रपक्षी किती जमलेत बघ डोक्यावर.

"इथेच. काय खातायत ते कळलं पाहिजे. लिहून ठेव."

लिहिलं. खेकडे, शिंपल्यांचा चुरा, एकात आमचीच तारली.

किनाऱ्यावरच्या झाडांचा तांबडा मोहर गळून पाण्यावर पसरलाय. एका माशाच्या पोटात त्याचे तंतू निघाले तर मामाने ते हातात घेऊन पुन्हा पुन्हा बघितले. तेही लिहायला लावलं.

३ जानेवारी

मामाच्या घरात मासा शिजत नाही. सगळे वाटतो. चार घरं ठरलेली, उरलेले मी तंबूवाल्यांच्या मैदानात नेऊन देतो. तिथे मेरेआना आइस्क्रीमच्या खिडकीत बसते. तिला एक मोठा दिला, तिने कॅरावॅनच्या मागे तव्यावर तळला, कातडी कुरकुरीत, वर नुसतं मीठ. तिघा पोराटोरांनी आणि मी मिळून काट्यापर्यंत साफ केला. ती म्हणाली, "तुझ्या मामाने यंदा धडाका लावलाय. एवढे मासे कोणालाच लागत नाहीयेत."

"तो अभ्यास करून मारतो. पोटं तपासतो."

तिने तवा पुसला. मग म्हणाली, "तू जरा मठ्ठच आहेस ना?" पण हसून म्हणाली. मला वाटतं मी तिला आवडतो.

तिचा भाऊ ऑस्ट्रेलियात खाणीत आहे. तिथे म्हणे ट्रकचं चाक माणसाच्या दुप्पट उंच असतं. मार्चमध्ये जाऊन बघावं.

९ जानेवारी

आजवर एकशे सात पोटं झाली. वही उलटून मी सगळं बघितलं. बेटाच्या आत खेकडे जास्त, खडकाच्या बाहेर किना, म्हणजे ते काटेरी समुद्री गोळे, आणि शिंपले. मी मामाला अक्कल शिकवायला गेलो, "बाहेर जाताना खेकड्याचं आमिष लावून बघूया का?"

"तारली ठीक आहे."

"मग लिहितोय कशाला आपण?"

तो इंजिनाकडे वळला. मला रागच आला. एवढं रक्तात हात घालून लिहायचं आणि त्याचा उपयोग काही नाही. पानं चिकटलीत एकमेकांना. माणूस विचित्र आहे. कालपासून पोट फाडलं की तो मला हात लावू देत नाही. आतली पिशवी स्वतः दोन बोटांत धरून चाचपतो, डोळे मिटून. कठीण काही लागलं की समुद्रात धुतो, तळहातावर ठेवतो. मग टाकून देतो. तरी एखादं पोट माझ्या वाट्याला येतंच, कारण रोज मासे भरपूर आणि मामाची पाठ दुखते.

१४ जानेवारी

आज होडी वर काढताना हेनारे आजोबा काठी टेकत आले. डब्यात डोकावले. बारा तांबोशी, एक तर माझ्या मांडीएवढी.

"काय मतिउ? मिळालं?"

"अजून नाही," मामा म्हणाला.

आजोबांनी मान हलवली आणि गेले. मी ट्रॅक्टरवर बसलो आणि विचार करत राहिलो. डब्यात बारा मासे आहेत आणि हा म्हणतो अजून नाही.

रात्री मेरेआनाकडे जायचं होतं. गेलो नाही.

१५ जानेवारी

कळलं मला. मठ्ठ ते मठ्ठच.

मामा त्या पोटांत तीपेनेला शोधतोय, हे सगळ्यांना माहीत होतं. ज्या चार घरांत मासे देतो तेही मासा घेतात, "उपकार झाले" म्हणतात, आणि मग काय करतात कोण जाणे. मेरेआनाने तव्यावर टाकायच्या आधी पुटपुटल्यासारखं केलं होतं, मला वाटलं तेल उडालं.

मामीला विचारलं. ती कपडे वाळत घालत होती. "आता कळलं होय तुला?" एवढंच. मग चिमटा तोंडातून काढून म्हणाली, "त्याला पाहिजे तेवढे मासे फाडू दे. फक्त बेटाच्या पलीकडे जाऊ देऊ नकोस."

तो रोज थोडा थोडा पलीकडेच जातोय.

२२ जानेवारी

मामा झोपल्यावर लिहितोय.

आज बेटाच्या बाहेर होतो. माझ्या गळाला सात किलोची लागली, मोठी, डोक्यावर म्हातारपणाचा उंचवटा आलेली. वर घेतली तेवढ्यात नांगर खडकात अडकला आणि मामा पुढे जाऊन दोरीशी झगडायला लागला. "तू फाड!" म्हणाला पाठ न वळवता.

फाडली. शिंपल्यांचा चुरा होता, मूठभर. त्यात बाळी होती. चांदीची, एका बाजूला किंचित चेपलेली, काळी पडलेली. बैठकीच्या खोलीत तीपेनेचा फोटो आहे, रग्बीच्या कपड्यांत, डाव्या कानात हीच. रोज त्या फोटोखाली मी चहा पितो.

मी ती टाकली.

का टाकली ते मला विचारू नये कोणी. विचार केलाच नाही, हातानेच टाकली. खरं सांगायचं तर काल मी मेरेआनाकडे माशाचे दोन वाडगे खाल्ले होते, पोरांनी बोटं चाटली होती, आणि तेच माझ्या घशात आलं. टुप असा आवाजसुद्धा झाला नाही.

"काय होतं?" मामा पुढून.

"शिंपले."

"लिही."

समोरच्या बाजूने लिहिलं: सात किलो, बेटाच्या बाहेर, शिंपले. मग मी होडीच्या काठावरून ओकलो. मामा म्हणाला, "बटाटेच बरे होते रे तुला," आणि पाठीवर हात ठेवला. त्या हातावर माशाचं रक्त होतं.

हा मासा हेनारे आजोबांकडे द्यायचा होता. मी नेला नाही. शेडच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली कोपरभर खड्डा करून पुरला.

२६ जानेवारी

बुडी मारून बघितलं. म्हणजे बघितलं असं नाही, मेरेआनाचा बुडी मारायचा चष्मा मागून घेऊन बेटाबाहेर उडी मारली. "गरम होतंय" असं मामाला सांगितलं. खाली बारा वाव पाणी. माझे कान तीन वावांवरच फुटायला आले.

मामा म्हणाला, "नीट बघितलंस का?"

त्यालाही कळलं असेल का मी काय करतोय? नाही. त्याला वाटलं मीही तेच शोधतोय. तसा मी तेच शोधत होतो.

२९ जानेवारी

ऑस्ट्रेलियाचं तिकीट बघितलं. मग बंद केलं.

तीनदा बोलायला गेलो. पहिल्यांदा तो दाढी करत होता. दुसऱ्यांदा मामी आली. तिसऱ्यांदा कोणी आलं नाही, काही नाही, मीच ट्रॅक्टरच्या टायरबद्दल बोललो. टायरमध्ये हवा कमी आहे हे खरं आहे.

३१ जानेवारी

उत्तरेकडून वादळाचं शेपूट येतंय. रेडिओवर सकाळपासून तेच. शेजारच्यांनी होड्या वर ओढून बांधल्या. पाणी शिशाच्या रंगाचं, खाडीच्या तोंडाशी पांढरं फुटतंय.

मामा तारल्यांचा डबा भरत होता.

मामी दारातून म्हणाली, "मतिउ, वेडा झालास का?"

"वादळाने तळ ढवळतो. खालचं वर येतं. आजच जायला पाहिजे."

"आणि याला घेऊन जाणार? माझ्या नणंदेच्या पोराला?"

"याने नको यायला."

मामीने माझ्याकडे बघितलं. तिला दिलेला शब्द एवढाच होता, तो बसला की मी बसायचं. मी ट्रॅक्टरच्या आणि होडीच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"हाको, बाजूला हो."

"मिळालं होतं," मी म्हणालो.

वारा एवढा होता की मला पुन्हा ओरडून सांगावं लागलं. बावीस तारीख, सात किलो, बाळी, टाकली. सगळं. मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो ट्रॅक्टरवरून उतरला आणि उताराच्या ओल्या सिमेंटवर बसला, दोन्ही पाय पुढे पसरून. लाट आली, त्याच्या विजारीपर्यंत पोचली, परत गेली.

मग म्हणाला, "मासा कुठाय?"

"कुठला मासा?"

"तोच. खाल्ला कोणी?"

"पुरला. लिंबाखाली."

"दाखव," तो म्हणाला.

मामी दारातच होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

१ फेब्रुवारी

पावसातच खणलं. फावडं मी मारत होतो तर मामाने ते काढून घेतलं आणि हातांनी उकरायला लागला. दहा दिवसांचा मासा. वासाने कुत्रा पळाला. मामाने स्वतःच्या चांगल्या शर्टात गुंडाळून तो शेडमध्ये आणला, काट्यांना चिकटलेली माती नळाखाली न धुता बोटांनी झाडली.

हेनारे आजोबा आले तेव्हा शर्ट टेबलावर होता.

"मतिउ, मासा म्हणजे खाणं आहे," ते म्हणाले. "मेलेल्याच्या शेजारी आपण भाकरीचा तुकडा आणत नाही. तू मासा आणणार मराएवर? माझा बाप कबरीतून उठून मला हाणेल."

"हे आता खाणं नाही. यात माझा पोरगा होता."

"तीन महिने होत आले रे."

"मग तुम्ही खा," मामा म्हणाला. "खाणं आहे ना? एरेना, तवा ठेव. आजोबा खातायत."

 पत्र्यावर पाऊस वाजत होता. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. शेवटी म्हणाले, "पेटी कर. झाकण खिळे मारून बंद. आत काय आहे ते बाहेर बोलायचं नाही."

मामा लगेच लाकूड शोधायला गेला. महिनाभरात मी त्याला एवढं भराभर चालताना बघितलं नव्हतं.

५ फेब्रुवारी

मराएवर तीन दिवस झाले. पेटी एवढीशी, तान्ह्या पोराची असते तेवढी. वर तीपेनेचा फोटो, आजीचं पिसांचं वस्त्र. माणसं दूरदूरहून आली, आईही आली. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "तू शोधलंस म्हणे. निदान एक काम पुरं केलंस." 

मामी काळ्या कपड्यांत पेटीशेजारी गादीवर बसली ती उठली नाही. एक हात पूर्ण वेळ झाकणावर. ती ज्या आवाजात रडत होती तो आवाज मी कधी ऐकलेला नाही आणि परत ऐकायचा नाही. मामा तिसऱ्या दिवशी उभा राहून बोलला, पोराशी समोरासमोर बोलावं तसं. उशीर केलास म्हणून रागावला. इंजिन चालू ठेवून होडीतून वाकू नये, दहादा सांगितलं होतं, म्हणून शिव्या दिल्या. लोक रडता रडता हसले.

टेकडीवर पुरलं. बाहेर पडताना फाटकापाशी सगळ्यांनी हात धुतले. मी दोनदा धुतले.

मग जेवण. मेंढी, डुक्कर, रताळी. मासा नाही. आजोबांनी उठून सांगितलं, खाडी पुन्हा बंद, उन्हाळा संपेपर्यंत. ऐन मोसम आहे, चार घरं त्यावर जगतात. कोणी हूं की चूं केलं नाही. मेरेआना ताटं उचलत होती, माझ्या ताटापाशी आली आणि न बघता गेली. तिच्या तव्यापाशी जेवलेली ती पोरं मोठ्यांच्या मागे खेळत होती.

८ फेब्रुवारी

उद्याच्या बसने निघायचं असं ठरवलं होतं. दुपारी मामीने स्वयंपाकघरात हाक मारली. दार लोटून घेतलं. चहा आधीच ओतलेला होता.

"खोटं बोलायला कोणी शिकवलं रे तुला?" तिने विचारलं. रागाने नाही. केसांवरून हात फिरवावा तसं.

"कसलं खोटं?"

"गाढवा, माझ्यापाशी नको. त्या वादळात गेला असता तर मी दोघांनाही गमावलं असतं. जन्मभर विसरणार नाही मी. पण एवढं धाडस कुठून आणलंस? मी तर रोज रात्री तेच योजत होते, आणि जमत नव्हतं."

तिने अ‍ॅप्रनच्या खिशातून चहाच्या पत्तीचा छोटा डबा काढला. उघडून टेबलावर उपडा केला. चांदीची बाळी. स्वच्छ, चकचकीत, कुठेही चेपलेली नाही.

"पोरगा होडीत जाताना ही काढून ठेवायचा. चौदा वर्षांचा असताना गळ अडकून कान फाटला होता, तेव्हापासून. त्या दिवशीही इथे नळापाशी ठेवून गेला. बापाला हे माहीत नाही. बापाला असलं काही दिसत नाही."

मी ती उचलली नाही. नुसता बघत राहिलो.

"मामी, मी खोटं नाही बोललो."

"बरं बरं."

"नाही, ऐक. होती. चेपलेली होती, एका बाजूला. काळी पडलेली. शिंपल्यांत होती. माझ्या हाताने टाकली मी."

ती हसणार होती, तोंड तसं झालंही होतं. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं.   हात टेबलावर होता, तो तीन दिवस झाकणावर होता तसाच, पालथा.

"मग ती कोणाची होती?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा.

आतल्या खोलीत मामाचं घोरणं अडकलं. आम्ही दोघंही तसेच थांबलो, मी श्वास धरून, ती दाराकडे बघत. मग ते पुन्हा सुरू झालं, जड, एकसारखं.

मामीने बाळी डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

"हळू बोल," ती म्हणाली. "झोपलाय तो."